हात लावल्याशिवाय ‘ठीक’ लिहू नका

आमच्या इमारतीतला आगीचा पंप पाच महिने बंद होता, आणि त्या पाचही महिन्यांत मी वहीत ‘पंप : ठीक’ असं लिहून खाली सही केलेली आहे. खोटं लिहायचा हेतू नव्हता. पंपाच्या खोलीचं दार उघडायचे, पंप जागेवर आहे, पॅनेलवर दिवा आहे, जमिनीवर पाणी नाही, एवढं बघायचे आणि दार लावायचे. पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर गेला होता. तो समोरच होता, पण मी त्याच्याकडे बघतच नव्हते. चौथ्या मजल्यावरचा एक व्हॉल्व्ह बारीक गळत होता. त्यामुळे पाइपातला दाब उतरायचा, तो भरून काढायला छोटा पंप रात्री-अपरात्री आपोआप सुरू व्हायचा आणि तळमजल्यावरच्यांची झोप मोडायची. कुणीतरी वैतागून खटका फिरवला. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही, आणि मी शोधायच्या फंदातही पडले नाही. गळका व्हॉल्व्ह वेळेवर बदलला असता तर खटक्याला हात लावायची वेळच कुणावर आली नसती.

तेव्हापासून माझा नियम आहे : ज्या वस्तूला हात लावला नाही, तिच्यापुढे ‘ठीक’ लिहायचं नाही. खटका फिरवून बघायचा, दार उघडून सोडायचं, बटण दाबायचं, झाकण उचलायचं. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका नियमातूनच आलंय.

मी ७ मजली, ४२ घरांच्या इमारतीची देखभाल १४ वर्षं बघते आहे. सगळी घरं भाड्याची, मालक एकच, आणि ते इथे राहत नाहीत. त्याआधी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, म्हणून नोंदवहीची सवय अंगात मुरलेली. नवीन भाडेकरू ‘मॅडम’ म्हणतात, महिनाभरात ‘ताई’वर येतात.

भाड्याच्या इमारतीचं दुखणं वेगळं असतं. घराच्या आत भाडेकरू राहतो, घर मालकाचं असतं, आणि जिना कुणाचाच नसतो. घर सोडून जाणारा माणूस जुनी गादी, मोडकी खुर्ची, रिकामी खोकी जिन्याच्या वळणावर ठेवून जातो, कारण ती ‘नंतर कुणीतरी’ उचलणार असतात. दुसरं, भाडेकरू बिघाड सांगत नाही. एका घरात सॉकेट जळून काळं झालं होतं आणि त्यांनी त्याच्यापुढे दोन महिने कपाट ढकलून ठेवलं होतं. का, तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. ते कपाट सरकवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर मालकांशी बोलून मी एक गोष्ट लेखी करून घेतली : वीज, गॅस, पाणीगळती आणि आगीची साधनं यांतला बिघाड भाडेकरूने स्वतःहून कळवला, तर दुरुस्तीचा खर्च त्याच्या डिपॉझिटला लागणार नाही. हा कागद प्रत्येकाला घर देतानाच हातात देते. पुढच्या वर्षभरात वहीतल्या तक्रारी दुपटीहून जास्त झाल्या. मालक घाबरले, मला मात्र बरं वाटलं. बिघाड आधीही तेवढेच होते, आता कळायला लागले इतकंच.

दारं

आगीची तयारी म्हटलं की लोक आग विझवायच्या लाल सिलिंडरकडे बोट दाखवतात. मी दारांकडे दाखवते. आगीत माणसं बहुतेक वेळा धुराने दगावतात. आणि धुराला अडवणारी, कुणी न शिकवता वापरता येणारी वस्तू म्हणजे बंद दार.

९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात भाड्याच्या घरांच्या एका १९ मजली इमारतीत विजेच्या हीटरमुळे आग लागली. ज्वाळा त्या घरात आणि बाहेरच्या पॅसेजपर्यंतच राहिल्या. पण घरातले लोक बाहेर पळाले तेव्हा त्यांच्यामागे दार मिटलं नाही. वर १५व्या मजल्यावर जिन्याचं दारही उघडं होतं. धूर चिमणीतून चढावा तसा जिन्यातून वर गेला. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं. आणखी एक गोष्ट तिथल्या रहिवाशांनी नंतर सांगितली : अलार्म इतक्या वेळा उगाच वाजायचा, की त्या दिवशीही अनेकांनी सुरुवातीला लक्ष दिलं नाही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जण गेले. तिथे मुख्य घात इमारतीच्या बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणाने केला, पण चौकशी अहवालात दारांचाही मुद्दा आहे : अशा इमारतींतल्या आगरोधक दारांचे क्लोजर (दार आपोआप मिटवणारी यंत्रणा) किमान दर ३ महिन्यांनी तपासावेत, अशी त्यात शिफारस आहे. मी जिन्याची दारं दर महिन्याला बघते आणि घरांची दर ३ महिन्यांनी.

तपासायचं कसं? दार पूर्ण उघडा आणि सोडून द्या. ते स्वतःहून मिटून कडीचा ‘खट्’ आवाज यायला हवा. मग फक्त वीतभर उघडा आणि सोडा. खरी परीक्षा ही दुसरी. दमलेला क्लोजर पूर्ण उघडलेलं दार जोरात आणतो, पण वीतभर उघडलेलं दार कडीपाशी येऊन थांबतं आणि बोटभर फट राहते. धुराला तेवढी पुरते. क्लोजरच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो संपला, स्क्रू पिळून काही होत नाही, बदला. दार आणि चौकट यांच्यातली फट बाजूंनी आणि वरून साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. माझ्याकडे जुनी चार बँक कार्डं चिकटपट्टीने एकत्र बांधलेली आहेत, त्यांची जाडी बरोबर तेवढी भरते. ती आरामात आत जाऊन हलायला लागली, की सुताराला बोलवायचं. चौकटीत बारीक पट्टी बसवलेली असते, ती उष्णतेने फुगून फट बुजवते. रंगाऱ्याने ती काढली नाही ना किंवा रंगाच्या थरांखाली पुरली नाही ना, हेही बोट फिरवून बघा.

आणि दाराखालची वीट. प्रत्येक इमारतीत ती असतेच. सामान चढवताना कुणीतरी दार अडवायला ठेवतो, मग वारा छान येतो म्हणून ती तिथेच राहते. मी ती उचलून माझ्या खोलीबाहेर ठेवते. एकदा माझ्या दाराशी नऊ विटा जमल्या होत्या. हवा हवीच असेल तर अलार्म वाजला की दार आपोआप सोडणारे चुंबकी होल्डर मिळतात. मालकाच्या मागे लागून ते बसवून घ्या. नुसती ‘दार उघडे ठेवू नये’ ही पाटी मी सात वर्षं लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

डक्ट

ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे आमची इमारत थोडक्यात वाचली.

रात्री सव्वादोनला पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीचा फोन आला. परीक्षेचा अभ्यास करत जागी होती. म्हणाली, ‘ताई, पॅसेजमध्ये प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय आणि दिवे धूसर दिसतायत.’ मी धावत वर गेले. पाचव्या मजल्यावर कुठेच काही पेटलेलं नव्हतं. चौथ्यावर धूर नव्हता, तिसऱ्यावर नव्हता. धूर निघत होता तळमजल्यावरच्या मीटर रूममधून. एका केबलचं टोक सैल होऊन तापलं होतं आणि तिचं आवरण जळत होतं. विजेच्या डक्टमधून, म्हणजे केबल मजल्यामजल्यांवर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून, धूर सरळ वर चढला. खालच्या मजल्यांवर डक्टची छोटी दारं बंद होती. पाचव्यावरच्या दाराची कडी तुटलेली होती, म्हणून तो तिथे बाहेर पडला. मेन खटका सुदैवाने मीटर रूमच्या बाहेर होता. वॉचमन काकांनी तो पाडला, तोवर मी अग्निशमन दलाला फोन केला. वीज गेल्यावर वायरी निवल्या. दलाची माणसं आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं.

डक्टमधून धूर चढलाच कसा? इमारत बांधली तेव्हा प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधली, केबल जाणारी भोकं आगरोधक मसाल्याने बुजवलेली होती. त्यानंतर इंटरनेटवाले आले, मग दुसरे इंटरनेटवाले, कॅमेरेवाले, डिश अँटेनावाले. प्रत्येकाने ड्रिल मारून आपली वायर नेली आणि भोक उघडं ठेवून गेले. सातही स्लॅब चाळणीसारखे झाले होते.

तर दर महिन्याला डक्टचं प्रत्येक दार उघडा, टॉर्च घेऊन खाली आणि वर बघा. खालच्या मजल्याचा उजेड दिसला तर धूरही तिथूनच येणार. भोकं बुजवायला आगरोधक सीलंट, मॉर्टर किंवा त्यासाठीच्या उशा मिळतात. दुकानात मिळणारा साधा पिवळा फोम मारून कामगार ‘झालं’ म्हणतो, पण तो फोम स्वतःच पेटतो. पाकिटावर किंवा डब्यावर आगरोधक क्षमतेचा दाखला आणि मिनिटं लिहिलेली असतात, ती वाचून घ्या. आमच्याकडे आता ज्याला ड्रिल मारायचंय त्याने आधी माझ्याकडे नाव लिहायचं, आणि काम झाल्यावर बुजवलेल्या भोकाचा फोटो मला दाखवल्याशिवाय शिडी बाहेर न्यायची नाही. भांडणं झाली. शिडी मात्र मी सोडली नाही.

डक्टमध्ये झाडू, बादल्या, रंगाचे उरलेले डबे ठेवायची सफाईवाल्यांची सवय मोडायची असेल, तर त्यांना दुसरी जागा द्या. ओरडून उपयोग नसतो. त्यांना सामान ठेवायला खरंच कुठे जागा नसते. मी जिन्यापासून लांब, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक पत्र्याचं कपाट केलं.

वीज

सैल जोड हा विजेच्या आगीचा जुना गुन्हेगार. सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून मीटर रूममधले आणि प्रत्येक मजल्याच्या बोर्डातले जोड, वीज बंद करून, घट्ट करून घ्या. शक्य असेल तर त्याआधी, सगळ्यांचे गीझर-एसी चालू असतानाच्या वेळेला, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या. गरम जोड पांढरा चमकतो, वाद घालायला जागाच राहत नाही. तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार एकमेकींना नुसती पिळून जोडलेली दिसली तर थांबा. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग किंवा कनेक्टर हवा.

घरातल्या आरसीसीबीवर (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका) एक छोटं ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर त्याच दिवशी वायरमन. घरांसाठीचा आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर गळतीवर पडणारा असतो. तो माणसाला धक्क्यापासून वाचवतो, पण तारेवर जास्त भार आला म्हणून तो पडत नाही, ते काम एमसीबीचं. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवून घेणारे भाडेकरू मला दोन भेटले. तार तीच ठेवून एमसीबी मोठा केला, की आता एमसीबीच्या आधी तार जळणार.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल मी एवढंच सांगते : गीझर, हीटर, इस्त्री, एसी यांच्यासाठी भिंतीतला सॉकेट, बाकीच्यांसाठी बोर्ड. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. वायरीचं वेटोळं तसंच ठेवून मोठं यंत्र चालवायचं नाही, वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही.

बॅटरीवरच्या स्कूटर आणि सायकली आल्यापासून नवी डोकेदुखी आहे. लिथियम बॅटरी एकदा आतून बिघडली, की स्वतःच्याच उष्णतेने भडकत जाते, विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा पेटते. छोटं सिलिंडर तिला पुरत नाही. म्हणून जिन्यात, दाराजवळ, बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नाही म्हणजे नाही. चार्जर मूळ कंपनीचाच. बॅटरी फुगलेली, आपटलेली किंवा न वापरता गरम लागत असेल तर ती घरात न्यायचीच नाही. नुसती मनाई केली तर मुलं रात्री लपून गादीशेजारी चार्ज करतात, हे मला अनुभवाने कळलं. मग उघड्या पार्किंगमध्ये, जिन्यापासून लांब, वेगळ्या एमसीबीचे चार पॉइंट काढून घेतले. आता तिथे रांग लागते.

लाल वस्तू

सिलिंडर जागेवर आहे एवढं पुरत नाही. तो उचला. पिन आणि सील शाबूत आहे का, काटा हिरव्यात आहे का, नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने घर केलंय का (आमच्याकडे दोनदा निघालं), तारीख उलटलीय का. पावडरचा सिलिंडर उचलून उलटसुलट करा. आत काही सरकल्याचं जाणवलं नाही तर पावडर घट्ट बसलेली असू शकते, रिफिलवाल्याला दाखवा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) सिलिंडरला काटा नसतो. तो वजन करूनच कळतो, रिकाम्याचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. आणि पावडरचा सिलिंडर एकदा क्षणभर जरी दाबला तरी तो वापरलेलाच धरायचा. पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि उरलेला दाब काही दिवसांत हळूच निघून जातो.

होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी, पूर्ण ओढून बघा, शेवटच्या घराच्या दारापर्यंत पोचते का. आमच्या सहाव्या मजल्यावरची दोन हात कमी पडत होती, आणि हे इमारत उभी राहून वीस वर्षं झाल्यावर कळलं. हायड्रंटच्या (आगीसाठीच्या जाड नळाच्या) पेटीत नोझल, म्हणजे पाइपाच्या टोकाला लावायचं तोंड, आहे का बघा. पितळी असतं, चोरीला जातं. एका पेटीत नोझलच्या जागी कुणाच्या तरी चपला निघाल्या.

पंप ‘ऑटो’वर ठेवून दूरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह थोडा उघडा. दाब उतरला की पंप आपणहून सुरू व्हायला हवा. टाकीचं झाकण उचलून आगीसाठी राखलेलं पाणी खरंच आहे का बघा. पाणीटंचाईत ते राखीव पाणी वापरून टाकायचा मोह होतो, आणि टँकर आल्यावर परत भरायचं राहून जातं.

तळघरात स्प्रिंकलर असतील तर त्यांच्यातली काचेची नळी बघा. लाल रंगाची ६८ अंशाला फुटते. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत, जो तापतो तोच फुटतो. त्यावर रंगाचा हात फिरला असेल तर खरवडू नका, तो बदलावाच लागतो. आणि रंगकामाच्या वेळी स्मोक डिटेक्टरवर घातलेल्या पिशव्या! रंगारी गेल्यावर त्या मोजून काढा. मी घालताना आकडा लिहून ठेवते, काढताना ताळा करते.

अलार्मच्या पॅनेलवर ‘फॉल्ट’ची पिवळी खूण असेल आणि भोंगा मुका केलेला असेल, तर ती रात्रपाळीने केलेली सोय असते. आधी बिघाड काढा, मग भोंगा परत बोलता करा. दर महिन्याला वेगळ्या मजल्याचं बटण दाबून चाचणी घ्या, म्हणजे वर्षात सगळी होतात. चाचणीची वेळ आदल्या दिवशी कळवा. उगाच वाजलेल्या प्रत्येक अलार्मची नोंद करा. एकाच घरातून तीनदा आला तर डिटेक्टर स्वयंपाकघराच्या फार जवळ आहे, तो हलवा. नाहीतर ते लोक त्यातली बॅटरी काढणार, आणि मी त्यांना दोष देणार नाही. घरातला डिटेक्टर १० वर्षांनी बदलायचा असतो, मागे तारीख असते.

गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हलका, छताकडे जातो. तुमच्याकडे कुठला आहे त्यावरून हवा जायची जाळी खाली हवी की वर ते ठरतं, आणि भाडेकरूंनी थंडीत कागद लावून बुजवलेली जाळी तीच असते. गळती शोधायला साबणाचा फेस, काडी कधीच नाही. वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. खिडक्या उघडा, गॅस बंद करा, बाहेर पडा, फोन बाहेर जाऊन करा. रबरी नळीवर तारीख छापलेली असते.

बाथरूममधल्या गॅस गीझरची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, आंघोळीनंतर डोकं दुखत असेल, तर गीझर बंद. आमच्याकडे नवीन घर देताना गीझर बाहेरच्या मोकळ्या हवेत असेल तरच चालेल, हे मी हट्टाने करून घेतलंय.

ओल आणि भेगा

लोकांना ओल म्हणजे भिंत खराब दिसण्याचा प्रश्न वाटतो. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि वरचं काँक्रीट आतून ढकललं जाऊन सुटतं. म्हणून छताला पोपडे आले की लगेच रंग लावू नका. लाकडी मुठीने ठोकत जा. भरीव आवाज बदलून पोकळ झाला की तिथे खडूने गोल करा आणि खालून लोकांची ये-जा बंद करा. बाल्कनीच्या खालची बाजू आणि कठड्याचे पाय आधी बघा. कठडा दोन्ही हातांनी धरून हलवा.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. महिन्याने भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर ती वाढते आहे. प्लास्टरच्या केसासारख्या जाळीदार भेगांना मी घाबरत नाही. खांबावरची उभी भेग, तुळईवर सळईच्या ओळीने गेलेली भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी फुटलेली आणि रुंद होत जाणारी भेग दिसली, की गवंड्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. पाऊस सुरू होण्याआधी गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करा, आणि प्रत्येक वाटेत बादलीभर पाणी ओतून बघा. जाळी स्वच्छ दिसते, पाइप खाली तुंबलेला असतो.

घर देताना

नवीन भाडेकरूला मी लिफ्टने वर नेते आणि जिन्याने खाली आणते. वीस मिनिटं लागतात. दोन जिने असतील तर दोन्ही. सिलिंडर कुठे, अलार्मचं बटण कुठे, गॅसचा कॉक कुठे, मेन स्विच कुठे, बाहेर जमायची जागा कुठली. त्यांच्याच हाताने आरसीसीबीचं बटण दाबवते. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी आहे का आणि तिची किल्ली कुठे टांगायची ते ठरवते. आतून किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप दाराला लावू देत नाही. घरात कुणाला चालायला त्रास आहे, कुणाला कमी ऐकू येतं, कोण रात्रपाळीला असतं, हे विचारून लिहून ठेवते, त्यांना का ते सांगून. ती यादी खाली वॉचमन काकांच्या टेबलात बंद पाकिटात असते, अग्निशमन दलाला द्यायला.

आगीत काय करायचं हे मी पाठ करून घेते. आग लहान असेल, मागे बाहेरची वाट मोकळी असेल आणि सिलिंडर हातात असेल तरच विझवायचा प्रयत्न. पिन काढा, तोंड आगीच्या बुडाशी धरा, दाबा, इकडून तिकडे फिरवा. छोट्या सिलिंडरमधली पावडर काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात विझली नाही तर निघा. तेलाच्या कढईवर पाणी नाही, गॅस बंद करून झाकण ठेवा. निघताना दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. लिफ्ट नाही. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गरम असेल तर उघडू नका. जिना धुराने भरला असेल तर घरातच थांबा, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवा, खिडकीत या, फोनवर मजला आणि घराचा नंबर सांगा.

कवायत वर्षातून दोनदा घेते. पहिल्या खेपेला ४२ घरांतून नऊ माणसं खाली आली, त्यांतली तीन लिफ्टने. दुसऱ्या खेपेला मी अर्ध्या मजल्यावर एका वळणावर आडवी खुर्ची ठेवून स्वतः तिच्यावर बसले आणि सांगितलं, हा जिना बंद आहे. लोक गोंधळले, चिडले, मग दुसऱ्या जिन्याने गेले. त्या जिन्याचं तळमजल्यावरचं दार बाहेरून कडी लावून बंद होतं. कडी त्याच दुपारी काढली. आता तिथे आतून ढकललं की उघडणारा पॅनिक बार आहे.

जिन्यातले बॅटरीवरचे दिवे महिन्याला एकदा मुख्य वीज पाडून बघते, आणि वर्षातून एकदा बॅटरी पूर्ण संपेपर्यंत चालू ठेवते. पाच मिनिटं सगळेच टिकतात. मागच्या वर्षी तासाभराच्या आत सहा दिवे मावळले.

वहीत आता चार रकाने आहेत : काय, हात लावून काय कळलं, कुणाला सांगितलं, कधी झालं. चौथा रकाना रिकामा असलेल्या ओळी दर महिन्याच्या पाच तारखेला मालकांना फोटो काढून पाठवते. मी रजेवर जाते तेव्हा वही वॉचमन काकांकडे असते. गेल्या खेपेला परत आले तर पंपाच्या ओळीपुढे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘खटका ऑटोवर. व्हॉल्व्ह उघडून पाहिला. पंप आपोआप लागला. माझी पँट भिजली.’